'कशावरून?' : एआयच्या छातीठोक उत्तरांवर प्रश्न विचारायला मुलांना कसं शिकवावं

माणूस अंदाजपंचे बोलत असला की ते कळतं. तो अडखळतो, 'बहुतेक' म्हणतो, मध्येच थांबून आठवून बघतो. या खुणा ओळखायला मुलं फार लहानपणीच शिकतात. चॅटजीपीटीसारख्या, प्रश्नाला लेखी उत्तर देणाऱ्या चॅटबॉटच्या उत्तरात त्या खुणाच नसतात. दोन अधिक दोन चार हे तो ज्या सुरात सांगतो, त्याच सुरात कधीच न लिहिलेल्या पुस्तकाचा सारांशही सांगतो. मुलाला नेमकं हेच शिकवायचं आहे की वाक्याचा सूर आणि वाक्यातली माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यासाठी मराठीत एक तयार हत्यार आहे: 'कशावरून?' हा एक शब्द.

खालचा क्रम साधारण आठ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. आठवड्यातून दोन बैठका, प्रत्येकी वीस मिनिटं, म्हणजे सगळं महिना-दीड महिन्यात होतं. तेरा वर्षांखालच्या मुलाला स्वतःचं खातं काढून देऊ नका. चॅटजीपीटीसारख्या सेवांच्या अटींतही वयाची ही मर्यादा आहे. खातं मोठ्यांचं, कळफलक मोठ्यांच्या हातात आणि प्रश्न मुलाचे, अशी वाटणी ठेवा. सोबत एक वही लागेल. तिच्यात चार रकाने आखा: दावा, आपल्याला काय वाटलं, कुठे तपासलं, निकाल.

पहिली पायरी: यंत्र बंद ठेवून सुरुवात

पहिल्या बैठकीत संगणक उघडायचाच नाही. तीन अर्धवट वाक्यं कागदावर लिहा:

सूर्य पूर्वेला …
पाण्यात मीठ टाकून ढवळलं की ते …
त्या मुलीच्या आजोबांचं नाव …

घरातल्या किंवा वर्गातल्या प्रत्येकाने एकमेकांचं न बघता ती पुरी करायची. पहिल्या दोन वाक्यांत सगळ्यांचं उत्तर एकच येईल. तिसऱ्यात प्रत्येकाचं नाव वेगळं येईल, आणि गंमत म्हणजे सगळी नावं आजोबांना शोभतील अशीच असतील. मग मुलाला ती तिन्ही वाक्यं बातम्या देणाऱ्याच्या आवाजात मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा, "आजोबांचं खरं नाव यातलं कोणतं?" कोणतंच नाही, कारण ती मुलगी कोण हेच कोणाला माहीत नाही. तरी वाक्य मात्र बिनचूक पूर्ण झालं.

चॅटबॉटच्या आत चालणारं भाषा-मॉडेल मुळात हेच काम करतं. प्रचंड मजकूर वाचून पुढे कोणता शब्द, किंवा शब्दाचा तुकडा, येण्याची शक्यता जास्त आहे हे ते शिकलेलं असतं. एखाद्या गोष्टीबद्दल खूप लोकांनी लिहिलेलं असेल तर शक्य वाटणारं उत्तर बहुधा खरंही असतं. कमी लिहिलेलं असेल तर ते 'आजोबांना शोभेल असं नाव' भरतं. इथे मुलाला 'यंत्र खोटं बोलतं' असं सांगू नका. खोटं बोलायला खरं माहीत असावं लागतं. 'रिकामी जागा भरतं' हे मुलांना पटतं आणि ते वस्तुस्थितीच्या जास्त जवळही आहे.

मोठी मुलं विचारतात, "मग ते सरळ 'माहीत नाही' का म्हणत नाही?" चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत अशा परीक्षेची उपमा द्या. कोरं सोडलं तर शून्य, ठोकून दिलं तर निदान कधीतरी लागेल. मॉडेलच्या चाचण्याही पुष्कळदा अशाच धर्तीवर गुण देतात, म्हणून त्यांना ठोकून द्यायची सवय लागते, असा युक्तिवाद चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्याच संशोधकांनी २०२५ मध्ये मांडला. परीक्षा देणाऱ्या मुलाला हे एका वाक्यात कळतं.

दुसरी पायरी: मुलाच्या बालेकिल्ल्यात

आता चॅटबॉट उघडा. विषय असा घ्या ज्यात मूल तुमच्यापेक्षा हुशार आहे. एखादा खेळ, एखादी पुस्तकमालिका, डायनासोर, काहीही चालेल. शिकवणारा शिकाऊ आणि मूल परीक्षक ही उलटापालट मुद्दाम करायची असते. ज्याला विषय येत नाही त्याला चूक दिसत नाही, आणि पहिली चूक स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय पुढचं सगळं पालकांचं प्रवचन वाटतं.

उत्तराची छापील प्रत काढा किंवा ते वहीत उतरवून घ्या. मग तीन रंगांच्या पेन्सिली: माहीत आहे आणि बरोबर आहे त्याला हिरवा, चूक आहे त्याला लाल, माहीत नाही त्याला पिवळा. लालपेक्षा पिवळ्याकडे जास्त लक्ष द्या. बहुतेक मुलं माहीत नसलेली वाक्यंही हिरवी रंगवतात, कारण ती खरी वाटतात. असं झालं की एका वाक्यावर बोट ठेवून "हे कशावरून?" एवढंच विचारा. "मी वाचलंय" हे उत्तर आलं तर हिरवा राहू द्या. "असंच असणार ना" आलं तर पेन्सिल बदलायची.

ही बैठक फसते ती बहुधा एकाच कारणाने: प्रश्न फार मोघम असतो. 'डायनासोरबद्दल सांग' म्हटलं की यंत्र चांगलं उत्तर देतं, सगळं हिरवं होतं आणि मुलाचा उलटाच ग्रह होतो. चुका सापडतात कोपऱ्यांत. अमुक पुस्तकाच्या सातव्या प्रकरणात कोण कोणाला काय म्हणालं, अमुक खेळाच्या तिसऱ्या पातळीवर कुठली वस्तू कुठे सापडते, असं विचारा. प्रसिद्ध गोष्टीकडून अप्रसिद्ध गोष्टीकडे एकेक पाऊल जा आणि हिरवा कुठे संपतो ते मुलाला बघू द्या. ही सीमारेषा दिसणं एखादी चूक पकडण्यापेक्षा जास्त मोलाचं आहे.

तिसरी पायरी: उत्तराचे दाणे सुटे करणं

'हे उत्तर खरं की खोटं?' हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि तो मुलाच्या तोंडून घालवायला थोडा वेळ लागतो. एका परिच्छेदात दहा-बारा दावे असतात आणि प्रत्येकाचा निकाल वेगळा लागू शकतो. उत्तर घ्या आणि त्यातल्या संख्या, तारखा, माणसांची नावं, पुस्तकांची नावं आणि अवतरणचिन्हांतली वाक्यं अधोरेखित करा. शिवाय 'पहिला', 'एकमेव', 'सर्वात मोठा', 'नेहमी', 'कधीच नाही' या शब्दांना गोल करा.

'पहिला' हा शब्द किती महागात पडतो याचं उदाहरण मुलांना जरूर सांगा. फेब्रुवारी २०२३ मध्ये गूगलने आपल्या बार्ड या चॅटबॉटची जाहिरात केली. तिच्यात नऊ वर्षांच्या मुलाला जेम्स वेब दुर्बिणीबद्दल काय सांगता येईल असा प्रश्न होता. बार्डच्या उत्तरात एक मुद्दा असा होता की सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाची पहिली छायाचित्रं या दुर्बिणीने घेतली. वेब दुर्बीण सोडली गेली डिसेंबर २०२१ मध्ये. अशा ग्रहाचं पहिलं छायाचित्र चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने २००४ मध्येच टिपलं होतं. चूक खगोलशास्त्रज्ञांनी दाखवून दिली आणि गूगलच्या मूळ कंपनीचं बाजारमूल्य एका दिवसात सुमारे १०० अब्ज डॉलरने घसरलं. त्या उत्तरातला 'पहिली' हा शब्द काढून टाकला असता तर वाक्य निर्धोक झालं असतं. मुलाला हेच करायला सांगा: गोल केलेला शब्द झाकायचा आणि वाक्यात काय उरतं ते बघायचं. सगळं वजन त्याच शब्दावर असेल तर तपासायचं तेच.

एका बैठकीत एकच दावा तपासायचा, फार तर दोन. दहाच्या दहा तपासायला लावलेत तर मूल दुसऱ्या आठवड्यात वही हरवेल.

चौथी पायरी: तपासणी यंत्राच्या बाहेर

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण चूक इथेच होते आणि शिकलेल्या मोठ्यांकडूनही होते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुने निकाल दाखल केले. त्यातले अनेक खटले कधी घडलेच नव्हते. त्यातल्या एका वकिलाने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं की हे खटले खरे आहेत का, आणि त्याने हो म्हटलं होतं. न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. ही हकिकत इथपर्यंत सांगून मुलालाच विचारा, वकिलाने तपासलं तर होतं, मग चुकलं कुठे? दहा वर्षांचं मूलही सांगतं की ज्याच्यावर संशय त्यालाच साक्षीला बोलावलं.

म्हणून नियम असा: तपासणी दुसऱ्या टॅबमध्ये. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. त्यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यापीठातले विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस अशा तिघांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली होती. प्राध्यापक आणि विद्यार्थी त्या पानावरच रेंगाळले. मांडणी, नाव, बोधचिन्ह बघत बसले आणि अनेकदा फसले. तथ्यतपासनीसांनी काही क्षणांत पान सोडून नवे टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते बघितलं. चॅटबॉटच्या बाबतीतही तेच. उत्तर पुन्हा पुन्हा वाचून ते जास्त खरं होत नाही, फक्त जास्त ओळखीचं होतं.

एक दावा जवळून बघू. प्रश्न: शनीला चंद्र किती? समजा उत्तर आलं ८२. मुलाने जुना विश्वकोश उघडला तर ६२ सापडेल, एखाद्या लेखात १४६ आणि दुसरीकडे २७४. आता मूल गोंधळणार, आणि ते गोंधळायलाच हवं. मग प्रत्येक आकड्याशेजारी वर्ष लिहायला सांगा. २०१९ मध्ये एकदम २० नवे चंद्र जाहीर झाले तेव्हा एकूण ८२ झाले. २०२३ मध्ये संख्या १४६ वर गेली. मार्च २०२५ मध्ये आणखी १२८ चंद्रांना मान्यता मिळाली आणि ती २७४ झाली. म्हणजे ८२ हा आकडा कोणी मनाने काढलेला नव्हता, तो शिळा होता. यंत्राचं वाचन एका तारखेला थांबलेलं असतं. इंटरनेट शोधायची सोय चालू नसेल तर त्यापुढचं त्याला कळत नाही, पण 'आहेत' हे क्रियापद ते बिनधास्त वापरतं. मुलाला इथून दुसरा प्रश्न मिळतो: 'कधीचं?'

काही चॅटबॉट उत्तराखाली दुवे देतात. दुवा दिसला की मुलं निर्धास्त होतात, म्हणून दुवा उघडण्याची सक्ती करा. तीन गोष्टी बघायच्या: पान उघडतं का, त्या पानावर तेच वाक्य खरोखर आहे का, आणि ते पान कोणाचं आहे. तिसरी गोष्ट का, तर मे २०२४ मध्ये गूगलच्या शोधात वर दिसणाऱ्या एआय-सारांशाने रोज निदान एक छोटा दगड खावा असा सल्ला दिला होता. त्याचा स्रोत अस्तित्वात होता, वाक्यही तिथे होतं. फक्त ते लिहिणारं संकेतस्थळ विनोदी होतं.

दोन ठिकाणी तेच सापडलं तर ठीक, पण दोन ठिकाणं एकमेकांची नक्कल नाहीत ना हे बघा. शब्दन् शब्द सारखा असेल तर ते एकच ठिकाण समजायचं.

पाचवी पायरी: यंत्राला डिवचून बघणं

ही मुलांची सर्वांत आवडती बैठक. तीन प्रयोग करा.

पहिला, बरोबर उत्तरावर खोटा दबाव आणायचा. जे मुलाला नक्की माहीत आहे ते विचारा. उत्तर बरोबर आलं की लिहा, "नाही, तू चुकतोयस. माझ्या शिक्षकांनी वेगळं सांगितलं." कधी यंत्र ठाम राहील, कधी लगेच माफी मागून चुकीचं उत्तर स्वीकारेल. माफी मागितली की मुलं खदखदून हसतात. हसून झालं की विचारा, "मग खऱ्या चुकीच्या वेळी त्याने माफी मागितली तर ती कशावरून खरी?" 'नक्की ना?' असं विचारणं ही तपासणी नाही, हे इथे पक्कं बसतं. ही यंत्रं माणसांना आवडतील अशी उत्तरं देण्याच्या दिशेने घडवलेली असतात, म्हणून ती होला हो मिळवतात.

दुसरा, मुलाने मनाने एका कादंबरीचं नाव आणि लेखकाचं नाव तयार करायचं आणि विचारायचं, "या कादंबरीच्या शेवटी काय होतं?" सध्याची बरीच यंत्रं 'अशी कादंबरी सापडत नाही' म्हणतात, काही सविस्तर शेवट सांगतात. 'माहीत नाही' असं उत्तर आलं तर मुलाचा विरस होऊ देऊ नका. वहीत त्याला हिरवी खूण द्या आणि हे चांगलं उत्तर आहे असं स्पष्ट सांगा. तसं न केल्यास बैठकीचा अर्थ 'यंत्राची फजिती' एवढाच उरतो.

तिसरा, एकच प्रश्न तीन वेळा, प्रत्येक वेळी नवी चॅट उघडून. तीन वेगळी उत्तरं आली तर संशय घ्यायला जागा आहे. तिन्ही सारखी आली तर फक्त एवढंच सिद्ध झालं की तिन्ही सारखी आहेत. हा दुसरा भाग मुलांच्या डोक्यातून निसटतो, पुन्हा सांगावा लागतो.

सहावी पायरी: आकडेमोड आणि मराठी

गणितात तपासणी स्वतःच्या हातात असते, म्हणून ती आत्मविश्वास देते. समजा ४८३७ × ६२९ चं उत्तर आलं ३०,४५,४७३. आधी अदमास घ्या: ४८०० × ६३० म्हणजे सुमारे ३० लाख २४ हजार, तेव्हा आकार बरोबर. शेवटचा अंक: ७ × ९ = ६३, शेवटी ३, तोही बरोबर. आता नऊची कसोटी: प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करायची, आणि त्या अंकांचा गुणाकार उत्तराच्या अंकाशी जुळायला हवा. ४८३७ च्या अंकांची बेरीज २२, म्हणजे ४. ६२९ ची १७, म्हणजे ८. ४ × ८ = ३२, म्हणजे ५. उत्तराच्या अंकांची बेरीज मात्र २६, म्हणजे ८. जुळत नाही, उत्तर चूक. खरं उत्तर ३०,४२,४७३. त्याची बेरीज २३, म्हणजे ५. भाषा-मॉडेलच्या गुणाकारातल्या चुका बऱ्याचदा अशाच असतात, सुरुवात आणि शेवट बरोबर आणि मधला अंक फसलेला. आजची अनेक साधनं आतून गणकयंत्र वापरतात आणि मग चुकत नाहीत, पण ते वापरलं की नाही हे उत्तराकडे बघून कळत नाही. नऊची कसोटीही अपुरी आहे: दोन अंकांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते आणि चूक सुटते. हेही मुलाला सांगून टाका. तपासणीच्या साधनाला मर्यादा असतात हे कळलेलं बरं.

मराठीत तर मुलाची बाजू आणखी भक्कम असते. मॉडेलना मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फारच थोडा मिळालेला असतो, म्हणून चुका जास्त होतात. आणि सूर तेवढाच ठाम. 'क्रिकेटपटू' या शब्दात अक्षरं किती विचारा. मूल बोटांवर मोजत सांगेल: क्रि, के, ट, प, टू, पाच. संगणकात हा शब्द साठवताना मात्र दहा चिन्हं लागतात, कारण हलन्त, काना-मात्रा, वेलांटी ही सगळी सुटी मोजली जातात. त्यावर मॉडेल त्यांचे स्वतःच्या सोयीने तुकडे पाडतं. त्याने शब्द आपल्यासारखा अक्षर-अक्षर पाहिलेलाच नसतो. म्हणून अक्षरं मोजणं, यमक जुळवणं, 'णी'ने संपणारे चार अक्षरी शब्द सांगणं यात ते घसरतं. म्हणींचे अर्थ विचारून बघा. ओळखीच्या म्हणीचा अर्थ नीट येईल. कमी वापरातल्या म्हणीचा अर्थ कधीकधी शब्दशः लावून, उदाहरणासकट सांगितला जाईल. आजी-आजोबांना या बैठकीत परीक्षक म्हणून बसवा.

रोजच्या वापरात किती तपासायचं?

सगळंच तपासत बसलं तर यंत्र वापरण्यात अर्थ नाही. मुलाला एकच निकष द्या: हे चुकलं तर काय बिघडेल? वाढदिवसाच्या खेळाची कल्पना चुकली तर काही नाही, तपासू नका. गृहपाठात लिहायची तारीख, नाव, संख्या असेल तर एक बाहेरचा स्रोत. औषध, आजार, विजेची उपकरणं, रसायनं, पैसे, किंवा एखाद्या ओळखीच्या माणसाबद्दलचा आरोप असेल तर मुलाने तपासायचंही नाही, थेट मोठ्या माणसाकडे यायचं. मन दुखावलं असताना यंत्राकडे मागितलेला सल्लाही याच शेवटच्या गटातला.

कुठे बिनसतं

सर्वांत मोठा धोका लाल पेन्सिलीच्या उत्साहातून येतो. मूल म्हणायला लागतं, "सगळं खोटंच असतं." हा चिकित्सकपणा नव्हे, आळस आहे, सगळं खरं मानणाऱ्यालाही तपासावं लागत नाही आणि सगळं खोटं मानणाऱ्यालाही. वहीची पानं उलटून हिरव्या खुणा मोजायला लावा, त्या बहुधा जास्तच निघतात.

दुसरी अडचण लवकर लक्षात येत नाही. मूल तपासतं, पण फक्त न आवडलेली उत्तरं. 'रोज दहा तास झोप हवी' हे तपासलं जातं, 'व्हिडिओ गेममुळे बुद्धी वाढते' हे नाही. म्हणून आठवड्यातला एक दावा असा निवडा जो खरा ठरावा असं मुलाला मनापासून वाटतं.

तिसरी अडचण मोठ्यांची. ताटावर बसल्या बसल्या फोनमधून एआयचं उत्तर वाचून वाद मिटवणारे आई-बाबा असतील तर वही निरुपयोगी आहे. मुलासमोर "मला माहीत नाही, बघूया" असं म्हणता आलं पाहिजे. आणि 'कशावरून?' हा प्रश्न लवकरच तुमच्याकडेही वळणार. "बाबा, कशावरून?" याला "मी सांगतो म्हणून" हे उत्तर दिलंत तर मूल सूर आणि माहिती पुन्हा एकत्र करून टाकतं.

दोन महिन्यांनी वही उघडून फक्त दुसरा रकाना वाचा, 'आपल्याला काय वाटलं' हा. सुरुवातीला तिथे सगळीकडे 'खरं' लिहिलेलं असतं. पुढे 'नक्की नाही', 'वर्ष बघायला हवं', 'फारच अचूक आकडा, संशय' असं दिसू लागलं तर बैठका थांबवायला हरकत नाही. अजूनही सगळं 'खरं' किंवा सगळं 'खोटं' असेल तर तिसऱ्या पायरीवर परत जा आणि छोटा, एकाच परिच्छेदाचा मजकूर घ्या.